पाच लाकडी वादक आणि तीन मिनिटांची तबकडी: मिरजेतलं एक प्रकरण

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका कुटुंबाने घरच्या गणपतीपुढे हलता देखावा करायचा ठरवला: लाकडी बाहुल्यांची गाण्याची बैठक. मध्ये गवई, त्याच्या मागे दोन तानपुरेवाल्या, उजव्या हाताला तबलजी, डाव्या हाताला पेटीवाला. गाणं घरातल्या ट्रंकेतलं, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरचं. द्रुत तीनतालातली बंदिश, तीन मिनिटांच्या आसपास. करणारा मुलगा कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे. लेथ, ड्रिल, टॅपिंग यात त्याला कुणी शिकवायला नको, इलेक्ट्रॉनिक्स मात्र मोबाइलवर बघून शिकलेलं. माझं सांगलीत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं टेबल आहे. तो आला तो एकच तक्रार घेऊन: "काका, समेवर सगळं बंद पडतंय." सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याची, आवर्तनाची, पहिली मात्रा.

ती तक्रार दहा मिनिटांत कळली. उरलेल्या तक्रारी कळायला श्रावण सरला, आणि त्यातली एकही विजेची नव्हती.

आधी गाव कसं आहे ते सांगतो, कारण त्याचा या कामाशी थेट संबंध आहे. हलत्या देखाव्यात राक्षसाचा हात वर-खाली झाला की लोक खूश असतात. राक्षस तलवार कशी धरतो हे कुणी पाहिलेलं नसतं. पण मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सतार-तानपुऱ्याचं काम सुरू झालं, ते आजही गल्लीत चालू आहे. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं, आणि उरुसात तिथे अजून गाण्याची सभा होते. अशा गावात देखावा बघायला येणाऱ्यांत तानपुरा जवारीवर लावणारा असतो, तबल्याचा क्लास घेणाऱ्या बाई असतात. बाहुलीने वाद्य कसं धरलंय हे त्यांना न बघताही दिसतं.

सुरुवातीलाच घरात एक गोष्ट ठरली आणि ती शहाणपणाची होती: गवयाचा चेहरा कुठल्याही खऱ्या गवयासारखा करायचा नाही. फेटा, उपरणं, बस्स. गाण्याच्या हक्काचाही प्रश्न आला नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि ही तबकडी त्याच्या कितीतरी आधीची.

मापं

बाहुल्या एकास चार या प्रमाणात. मांडी घातलेला माणूस बैठकीपासून डोक्यापर्यंत ८०-८५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे बाहुली २१ सेंटिमीटरची. साडेचार फुटी तानपुरा ३४ सेंटिमीटरचा होतो आणि त्याचा भोपळा साधारण १० सेंटिमीटरचा. एवढा लहान आणि गोल भोपळा शोधण्यात वेळ चालला होता. गल्लीतल्या चाचांनी (ते पिढीजात सतारमेकर) नारळाची करवंटी घासून पुढे केली. मापाला बरोबर. दांडी तुणीच्या तुकड्याची, तारा गिटारच्या पहिल्या तारेच्या. तबला तोंडाशी साडेतीन सेंटिमीटर, डग्गा पावणेसहा.

आता मोटरी. सगळीकडे मिळणारी नऊ ग्रॅमची निळी सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर: तबलजीला दोन, पेटीवाल्याला भात्यासाठी एक आणि मानेला एक, गवयाला तीन. तानपुऱ्यांसाठी दहा आरपीएमची एक गिअर मोटर. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद द्यायचा असतो. स्पंद एक मिलिसेकंदाचा की दोनचा, यावर तिचा दांडा कुठे थांबायचा ते ठरतं. सोळा सर्व्हो सांभाळणारी छोटी पाटी मिळते, ती बोर्डाला, म्हणजे हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाला, जोडली की तारांचा गुंता कमी होतो.

समेची तक्रार अशी की पोराने सगळ्या सर्व्होंना बोर्डाच्याच पाच व्होल्टच्या पिनेवरून वीज दिली होती. एकेक हलली तर चालून जायचं. समेवर गवयाचा हात, तबलजीचे दोन्ही हात, पेटीवाल्याची मान, सगळं एकदम. सुटताना किंवा अडकली की एकेक सर्व्हो अर्ध्या अँपिअरहून जास्त खेचते. व्होल्टेज बसायचं, बोर्ड स्वतःला नव्याने सुरू करायचा, गाणं मात्र पुढे चालूच. एलईडी पट्ट्यांना लावतात तो ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सर्व्होंना वेगळा दिला, त्यावर हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्हीकडचं ग्राउंड एक केलं. विषय संपला.

हात आधी की आवाज आधी

दुसरी तक्रार अशी की गाणं सुरू होताना जुळतं, आणि संपेपर्यंत तबलजी मागे पडलेला असतो. पोराचा संशय सर्व्होवर होता. सर्व्हो निर्दोष होती.

बोर्डावर काळ मोजायला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर होता. अशा रेझोनेटरची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. तीन मिनिटांत अर्धा टक्का म्हणजे ०.९ सेकंद. प्रत्यक्षात एवढं नव्हतं, पण या लयीत मात्रा पाव सेकंदाची आहे, तेव्हा पाव सेकंद घसरला तरी बाहुली एक मात्रा मागे. शिवाय मेमरी कार्डावरून गाणं वाजवणारं मॉड्यूल हुकूम मिळाल्यावर कधी लगेच सुरू होई, कधी थोडं रेंगाळून. दोन घड्याळं स्वतंत्र चालली की ती कधीतरी फाकणारच.

मी सुचवलेला उपाय माझ्या डोक्यातला नाही, फार जुना आहे. डिस्नेलँडमध्ये १९६३ साली गाणाऱ्या पक्ष्यांचं दालन उघडलं. तिथे पक्ष्यांना हलवणारे संकेत आवाजासोबत टेपवरच भरलेले होते. टेप हळू चालली तर पक्षीही हळू. आपली तबकडी मुळात मोनो, त्यामुळे स्टिरिओ फाइलची उजवी बाजू मोकळीच होती. डावीकडे गाणं, उजवीकडे दर अर्ध्या सेकंदाला हजार हर्ट्झची छोटी टिकटिक, सुरुवातीला एक लांब. ॲम्प्लिफायरला फक्त डावी बाजू जोडायची. उजवी बाजू एका कंपॅरेटरमधून (टिक आली की नाही एवढंच सांगणारं सर्किट) बोर्डाकडे. प्रत्येक टिकेला बोर्ड आपलं घड्याळ जुळवून घेतो. अर्ध्या सेकंदात अर्धा टक्का चूक म्हणजे अडीच मिलिसेकंद, ती कुणाला दिसत नाही. फाइल वॅव, म्हणजे न दाबलेली, ठेवली. एमपीथ्री दाबताना दोन्ही बाजू एकत्र हिशेबात घेतल्या गेल्या तर टिकटिक गाण्यात झिरपते.

मग ठोके लिहून काढायचे. सेकंदाला चार मात्रा धरल्या तर तीन मिनिटांत सातशेच्या वर. जुन्या तबकडीत डग्गा दबलेला आणि खरखर भरपूर, त्यामुळे सॉफ्टवेअरला आपोआप ठोके ओळखायला लावलं तर ते खरखरीलाच ठोके समजतं. पुन्हा लय एकसारखी नाही. गवई रंगत जातो तशी ती चढते, म्हणून मेट्रोनोमही कामाचा नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं निम्म्या गतीने लावून फक्त सम आणि खाली (तीनतालाच्या सोळा मात्रांतली नववी) यांवर खुणा केल्या आणि मधल्या आठ मात्रा सारख्या वाटून घेतल्या. आठ मात्रांत लय बदलते ती नजरेत येण्याइतकी नसते. जिथे तबलजीने मुखडा किंवा तिहाई घेतली आहे तेवढे ठोके कानाने टिपले. या सगळ्या खुणा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात, तीच यादी बोर्डात भरली.

यादी अचूक झाली तरी हात उशिरा पडतोय असं वाटत राहिलं, आणि इथे मला या कामातली खरी गंमत वाटते. पोराने ठोक्याच्या क्षणी सर्व्होला हुकूम दिला होता. सर्व्हो ६० अंशांला सेकंदाचा दहावा भाग घेते. वीस अंशांच्या थापेला ३५ मिलिसेकंद, पुढच्या स्पंदाची वाट बघण्यात २० पर्यंत, वर दोरीची ढील. आवाज येऊन गेल्यावर हात पोचायचा. आणि माणसाच्या नजरेला नेमकं हेच खपत नाही. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळायला लागतं, पण मागे पडला तर १२५ पर्यंत कळत नाही. लांबच्या धोब्याची मोगरी आधी दिसते, आपटल्याचा आवाज मागून येतो. आपली सवय जन्मापासून तीच. म्हणून हुकूम ठोक्याच्या ८०-९० मिलिसेकंद आधी द्यायचा. हात थोडा लवकर पडला तर माफ, उशिरा पडला की खोटं. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिकेबरोबर लागणारा एलईडी आणि हात एकाच चौकटीत घेऊन फ्रेमा मोजल्या. एक फ्रेम चार मिलिसेकंदांची. प्रत्येक बाहुलीचा आगाऊपणा वेगळा निघाला, कारण प्रत्येकीची दोरी वेगळी.

खाली

हे जुळल्यावर पोरगं खूश होतं. मग तबल्याच्या बाई आल्या. त्यांनी दोन आवर्तनं बघितली आणि म्हणाल्या, "अरे, याचा बायाँ खालीला कसा घुमतोय?" बायाँ म्हणजे डग्गा.

तीनतालाचा ठेका: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. धा आणि धिं दोन्ही हातांचे. तिं आणि ता यांत डग्ग्याची घुमार नाही. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डावा हात घुमवत नाही, चौदाव्याला परत येतो. पोराने प्रत्येक मात्रेला दोन्ही हात पाडले होते. तबकडीतला तबलजी बरोबर वाजवत होता, बाहुली चूक. बाईंनी यादीत कुठे काय खोडायचं ते शेजारी बसून सांगितलं. खोडल्यावर तबलजी एकदम माणूस वाटायला लागला. दर आवर्तनात एकदा त्याचा डावा हात स्थिर राहतो, मग चौदाव्याला उतरतो, आणि बघणाऱ्याची मान आपोआप समेकडे झुकते. नवी मोटर लावून हे आलं नसतं, ते होती तीच मोटर चार मात्रा गप्प ठेवल्याने आलं.

भरण्याचे बोल (मात्रांच्या मधले जलद ठोके) सर्व्होला झेपत नाहीत, तिथे तडजोड केली. उजवा हात पुडीजवळ (तबल्याच्या चामड्याजवळ) ठेवून पाच अंशांची थरथर. जलद बोलात खरी बोटंही नुसती धूसर दिसतात, त्यामुळे कुणी आक्षेप घेतला नाही. पेटीवाल्याची बोटं आम्ही सोडूनच दिली. पेटीचा भाता श्रोत्यांच्या बाजूला असतो, बोटं पलीकडे. एवढीशी बोटं, तीही न दिसणारी, त्यावर कष्ट कशाला? डाव्या हाताने भाता आणि अधूनमधून गवयाकडे वळणारी मान एवढं त्याला पुरलं.

दोघी

तानपुरेवाल्यांचे हात एकाच शाफ्टवर होते. फिटरला एका मोटरमध्ये दोन कामं झाली याचा आनंद. चाचा आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "बेटा, या दोघी गाण्याला बसल्यात का कवायतीला?"

त्यांचं म्हणणं बारकाईने घेण्यासारखं होतं. तानपुऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. हे चक्र तालाला बांधलेलं नसतं. तबला कितीही चढो, तानपुरा आपल्या संथपणात. आणि दोन तानपुरे एकमेकांशीही जुळवून छेडायचे नसतात. छेडण्याचे क्षण वेगवेगळे पडले तरच दोघांचा मिळून अखंड षड्ज (सा) भरतो. एका शाफ्टवर तो वेगळेपणा राहत नाही. यंत्र बनवणाऱ्याचा हात नेहमी सगळं एका दांड्यावर घ्यायला धावतो, त्यात काटकसर असते. बैठकीत मात्र पाच माणसं समेवर तेवढी एकत्र येतात, एरवी ज्याचा तो.

मोटर दुसरी घेतली. एकीला १२ व्होल्ट, दुसरीला व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून ११. दोन्ही साधारण सहा सेकंदांत एक फेरा करतात, पण हळूहळू फाकतात, पुन्हा जवळ येतात. चकतीवर चार खाचा कापल्या, पहिलीनंतर अंतर जास्त. या दोघींना बोर्डाशी, टिकटिकीशी, कशाशी जोडलेलंच नाही. सगळ्या देखाव्यात सर्वांत कमी अक्कल असलेला भाग हाच आणि चाचांना सर्वांत पसंत पडला तोही हाच.

गवयाचं तोंड

आधी गवयाला हलणारा जबडा होता. आवाज मोठा झाला की जबडा उघडायचा, अशी स्वस्त पद्धत. इथे ती सपशेल फसली. तबकडीत गळा, तबला, खरखर सगळं एकत्र, त्यामुळे डग्गा घुमला की गवई तोंड उघडायचा. शिवाय ख्यालात माणूस आकार (लांब 'आ') लावून तोंड तसंच ठेवतो, चघळत नाही. घरातली आत्या म्हणाली, "हा गातोय कुठं, पान खातोय."

मी म्हटलं जबडा काढून टाक, तोंड अर्धवट उघडं कोरून ठेव, आणि ती सर्व्हो छातीला लाव. जाके-द्रों या स्विस घड्याळजींनी १७७४ मध्ये दाखवलेली ऑर्गन वाजवणारी बाहुली न्यूशातेलच्या संग्रहालयात आजही चालते. तिची बोटं खरोखर पट्ट्या दाबतात, पण बघणाऱ्यांच्या लक्षात राहतो तो तिचा श्वास. आमच्या गवयाची छाती आणि खांदे प्रत्येक ओळीच्या आधी तीन मिलिमीटर वर येतात. फक्त तीन. मग आवाज येतो. आधी दिसणं आणि मग ऐकू येणं हा तबल्याच्या हाताचाच हिशेब, फक्त इथे अंतर अर्ध्या सेकंदाचं. तान आली की उजवा हात कोपरातून उघडतो, समेला मांडीवर पडतो. लाकडी ओठ हलत नाहीत हे कुणी बोलून दाखवलं नाही.

आवाजाचा त्रास उरला. प्लास्टिकच्या दात्यांची कुरकुर माजघरात ऐकू येत होती. सर्व्हो बाहुल्यांतून काढून खालच्या खोक्यात रबराच्या वॉशरवर बसवल्या, वर ओढायला मासेमारीचा नायलॉन दोरा. हालचाल झाली की स्पंद बंद, म्हणजे थांबलेली सर्व्हो गुणगुणत नाही. उरलंसुरलं तबकडीच्या खरखरीने झाकलं.

तबकडी एकदम सुरू होते आणि एकदम संपते. त्या काळी एका बाजूला तीनेक मिनिटांचीच जागा, आलापाला उसंत कुठली? पाच बाहुल्या एकदम जाग्या होणं आणि एकदम मरणं हे बघायला बरं वाटेना. म्हणून आधी आणि नंतर थोडा नुसता तानपुरा घालायचा ठरला. चाचांनी दुकानातला तानपुरा त्या गवयाच्या षड्जाला लावायला घेतला, तर तो ना काळी एकमध्ये, ना पांढरी दोनमध्ये, दोन्हींच्या मधे. ७८ म्हटलं तरी तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना भरलेल्या नसत, त्यामुळे खरा सूर कुठला हे आज ठरवणं कठीण. चाचांनी पेटी बाजूला ठेवली आणि तबकडीलाच सूर मिळवला. गाणं संपल्यावर तबलजी हात मांडीवर घेतो, भाता थांबतो, दोघी जरा वेळ छेडत राहतात.

गौरीच्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका पोरांसकट खोळंबून राहिल्या, तेव्हा सर्व्होंना प्रत्येक प्रयोगानंतर थोडी विश्रांती द्यायला बटण लावावं लागलं. प्लास्टिकचे दाते एका संध्याकाळी तबलजीच्या उजव्या हातात झिजले. तिथे धातूच्या दात्यांची सर्व्हो आली. ती जास्त आवाज करते, पण टिकते. पुन्हा करायचं झालं तर तबलजीला पहिल्यापासून धातूचीच लावावी.

आता पोराला सहावा वादक हवा आहे, सारंगिया. माझा विरोध आहे. पेटीचा भाता कुठल्या क्षणी वळला हे ऐकणाऱ्याला कळत नाही, तबल्याची थाप आवाजातूनच कळते. सारंगीचा गज तसा नाही. तो कुठल्या स्वराला वळला हे सारंगीवाल्याला दिसायलाच हवं, आणि डाव्या हाताची नखं तारेला बाजूने लागायला हवीत. शिवाय या तबकडीत सारंगी नाहीच. चाचांनी मधला मार्ग काढला: सारंगी असलेली दुसरी तबकडी आधी मिळव, ती एखाद्या सारंगीवाल्यापुढे वाजव, तो गज कसा फिरवतो त्याचं मोबाइलवर चित्रण घे, आणि मग मोटर विकत आण. पोराने मोटर आधीच आणली आहे.